चार पेले पाणी जास्त!

कणीक बरोबर झाली की नाही, हे आईचा हात सांगतो. पण मातीची 'चकली' पाडणाऱ्या मशीनला हातच नसतो. मग त्याला कसं कळणार? चाळीस लॅम्पशेड्स, एक ओळंबा आणि केशवनगरचे काका यांची ही गोष्ट.

पहिल्यांदा घर सोडून राहायला लागल्यावर केलेला तो फोन तुम्हालाही आठवत असेल. समोर परातीत पीठ, मान वाकडी करून खांद्यावर धरलेला मोबाइल आणि पलीकडे आई.

"पाणी किती घालू?"

"लागेल तेवढं."

"अगं पण किती? एक वाटी? दीड?"

"थोडं थोडं घालत जा ना. हाताला कळतं."

आईच्या हाताला कळतं. आपल्या हाताला फक्त पीठ चिकटतं!

तसं बघायला गेलं तर घट्ट-पातळ सांगायला आपल्याकडे शब्दांची कमी नाही. आमटी सरसरीत हवी, पिठलं पळीवाढं, पुरीची कणीक घट्ट, पुरणपोळीची सैल. प्रॉब्लेम एवढाच, की हे शब्द ज्याला आधीच कळलेत त्यालाच कळतात.

तो फोन मला गेल्या एप्रिलमध्ये अचानक आठवला. मी पुण्यातल्या एका छोट्याशा सिरॅमिक स्टुडिओत उभी होते. समोरच्या फळीवर एक लॅम्पशेड होता. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी होता. आता तिथे म्हशीने टाकलेल्या पो'सारखं काहीतरी पसरलेलं होतं आणि माझी मैत्रीण त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणत होती, "हा सातवा."

कीबोर्ड सोडून माती

या मैत्रिणीने एका अटीवर मला लिहू दिलंय : नाव छापायचं नाही. "जुन्या ऑफिसातले वाचतात गं!" सहा वर्षं आयटीत काढल्यावर तिने राजीनामा टाकला. साठवलेले पैसे आणि शेवटचा बोनस एकत्र करून एक गाळा, एक इलेक्ट्रिक भट्टी आणि मातीचा थ्रीडी प्रिंटर घेतला. घरी अजूनही 'ब्रेक घेतलाय' असंच सांगतात.

मातीचा थ्रीडी प्रिंटर म्हटलं की काहीतरी भन्नाट सायन्स फिक्शन डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात तो आपल्या चकलीच्या सोऱ्याचा शिकलेला भाऊ! नळकांड्यात माती भरायची, मागून दट्ट्या दाबतो, पुढून वळी बाहेर येते. फक्त हात फिरवायचं काम कॉम्प्युटर करतो. तिच्या प्रिंटरचं तोंड ४ मिलिमीटरचं आहे आणि एक थर २ मिलिमीटरचा. २२ सेंटिमीटरचा लॅम्पशेड म्हणजे एकावर एक ११० थर.

ही आयडिया तशी ताजीच आहे. बेल्जियममधल्या 'अनफोल्ड' या डिझाइन स्टुडिओने २००९ मध्ये मातीची भांडी प्रिंट करायला सुरुवात केली. इंग्लंडमधले कुंभार जोनाथन कीप यांनी तर असा प्रिंटर घरी कसा बनवायचा हे सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. आणि इटलीत २०२१ मध्ये 'टेक्ला' नावाचं अख्खं मातीचं घर उभं राहिलं, १२ मिलिमीटरचा एक असे ३५० थर देऊन.

तिच्यासमोर एवढं मोठं काही नव्हतं. एका नव्या कॅफेची चाळीस लॅम्पशेड्सची ऑर्डर होती. पहिली मोठी ऑर्डर. ॲडव्हान्स घेऊन झालेला, तो मातीच्या पावडरीत आणि गाळ्याच्या भाड्यात खर्चही झालेला. हातात दीड महिना. आणि प्रत्येक लॅम्पशेड साठ-सत्तर थरांपर्यंत झकास चढायचा, मग किंचित कलायचा, आणि... धप्प!

काकांचा अंगठा

स्टुडिओत आठवड्यातून दोन दिवस एक काका येतात. मुंढव्याजवळच्या केशवनगरमध्ये कुंभारांची मोठी वस्ती आहे, तिथले. वय सत्तरीच्या आसपास. लहानपणापासून माती तुडवत आलेले. मैत्रिणीला चाकावर बसायला त्यांनीच शिकवलं. आता ते तिच्यासाठी माती मळतात आणि किलोवर पैसे घेतात. प्रिंटरला ते 'तुमचं ते यंत्र' म्हणतात.

सातवा लॅम्पशेड बसला त्या दिवशी काका आले. त्यांनी बादलीतल्या मातीत अंगठा दाबला, चिमूटभर माती दोन बोटांत घोळवली आणि म्हणाले, "ताई, हिच्यात चार पेले पाणी जास्त पडलंय."

"काका, डिजिटल काट्यावर मोजून घातलंय. ग्रॅमचा फरक नाही."

"काट्यावर घातलं असेल. पण जास्त आहे."

मैत्रीण चिडली नाही, पण तिचा चेहरा मला वाचता आला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला 'मोजलंय' यापलीकडे दुसरा पुरावा नसतो.

संध्याकाळी तिचा भाऊ आला. तो सिव्हिल इंजिनीअर, दिवसभर साइटवर उन्हात असतो. त्याने रेसिपीचा कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं : पाणी २८ टक्के.

"कशाचे २८ टक्के?" त्याने विचारलं.

टक्क्यांचा घोळ

हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. बॉस म्हणतो, १० टक्के हाइक देतो. तुम्ही पार्टी ठरवता आणि मग कळतं की बेसिकवर १० टक्के, सीटीसीवर नाही! मातीचं अगदी तस्संच आहे.

मैत्रिणीने हिशेब केला होता असा : १० किलो तयार माती हवी, त्यात २८ टक्के पाणी. म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम पाणी आणि ७ किलो २०० ग्रॅम कोरडी पावडर. बेरीज बरोबर.

पण माती तपासणारे इंजिनीअर पाण्याची टक्केवारी काढतात ती कोरड्या मातीच्या वजनावर. १०० ग्रॅम कोरडी पावडर असेल तर २८ ग्रॅम पाणी. कुंभारकामाच्या पुस्तकांत मात्र कधी ओल्या वजनावरचा आकडा सापडतो, कधी कोरड्या. रेसिपी कोरड्या वजनाची होती, हिने ओल्याची समजली. ७ किलो २०० ग्रॅम पावडरला खरं तर साधारण २ किलो १६ ग्रॅम पाणी पुरलं असतं. हिने ७८४ ग्रॅम जास्त ओतलं. कोरड्या हिशेबात तिची माती २८ नाही, जवळजवळ ३९ टक्क्यांवर होती!

मी उठून काकांचा स्टीलचा पेला पाण्याने भरला आणि काट्यावर ठेवला. आतलं पाणी भरलं २०० ग्रॅम. ७८४ भागिले २०० किती, ते तुम्हीच करून बघा.

मैत्रीण काही बोलली नाही. तिने फक्त रेसिपीच्या कागदावर लाल पेनाने लिहिलं : 'कोरड्यावर!!!'

दोन सीमांच्या मधे

पण पाण्याच्या थोड्याशा फरकाने एवढं काय बिघडतं? भावाने त्या रात्री चहावर आमचं बौद्धिक घेतलं. थोडक्यात सांगते.

१९११ मध्ये अल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने चिकणमातीचं वागणं पाण्याच्या प्रमाणानुसार मोजायचं ठरवलं. कोरड्या मातीत पाणी घालत गेलं की एका टप्प्यावर ती भुसभुशीत राहत नाही, वळायला लागते. ही प्लॅस्टिक लिमिट. आणखी पाणी घातलं की पुढे एका टप्प्यावर ती आपल्या वजनाने वाहायला लागते. ही लिक्विड लिमिट. घडवणं, वळणं, चाकावर चढवणं, सगळं काही या दोन सीमांच्या मधे.

पहिली सीमा शोधायची पद्धत ऐकून मला हसूच आलं. काचेवर मातीची वळी लाटायची, शेवयांसारखी. बरोबर ३ मिलिमीटर जाडीला आल्यावर ती तुटायला लागली, की ती प्लॅस्टिक लिमिट. तीन मिलिमीटरच्या खालीही न तुटता लाटता आली तर पाणी जास्त, त्याआधीच तुटली तर कमी. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही हे हातानेच लाटतात!

दुसऱ्या सीमेसाठी पितळी वाटी असते. मातीत मधोमध एक चर पाडायची आणि वाटी १ सेंटिमीटरवरून आपटत राहायची. २५ ठोक्यांत चर खालून मिटली की ती लिक्विड लिमिट. हे यंत्र आर्थर कासाग्रांदे यांनी १९३२ मध्ये पक्कं केलं. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी सिव्हिलवालं असेल तर विचारा, ही वाटी आपटत प्रॅक्टिकलची एक दुपार त्यांनी नक्की घालवली असेल. आपल्या काळ्या मातीची लिक्विड लिमिट बहुतेक वेळा ५० टक्क्यांच्या वर जाते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या घराच्या भिंतींना तडे देते.

आता खरी मेख. लिक्विड लिमिटपासून प्लॅस्टिक लिमिटपर्यंत येताना मातीची ताकद साधारण शंभरपट वाढते. शंभर! म्हणजे पाण्याच्या एकेका टक्क्याला ताकद भराभर बदलते. लॅम्पशेडच्या सगळ्यात खालच्या थरावर वरच्या १०९ थरांचं ओझं असतं. माती सैल असेल तर तो थर फुगतो किंवा भिंत कलते. घट्ट असेल तर दट्ट्या अडतो, वळी तुटते. चकलीचंही हेच, नाही का? पीठ घट्ट झालं की तुटते, सैल झालं की काटाच येत नाही.

शिवाय पाणी जास्त तर वाळताना आकसणंही जास्त. वाळून-भाजून तिची माती १०-१२ टक्के आकसते. हा आकडा दर वेळी बदलला, तर बल्बचा होल्डर चाळीसपैकी निम्म्या भोकांत जाणारच नाही.

ओळंबा आणि टँकर

दुसऱ्या दिवशी बरोबर २८ टक्क्यांची माती झाली. लॅम्पशेड उभा राहिला. ११० थर! आम्ही व्हिडिओ काढला, पावभाजी मागवली. पुढच्या आठवड्यात नऊ लॅम्पशेड्स निघाले.

मग एका सोमवारी प्रिंटर 'टक टक टक' करून अडला. मोटर ढकलतेय, माती बाहेर येईना. वजनं तपासली, तीच पावडर, तेच २८ टक्के. तरी माती घट्ट.

भाऊ म्हणाला, पाणी मोजू नकोस, मातीचा मऊपणाच मोज. प्रयोगशाळेत त्यासाठी शंकू असतो. ८० ग्रॅमचा टोकदार शंकू मातीच्या पृष्ठभागाला टेकवून सोडायचा, पाच सेकंदांत किती रुतला ते बघायचं. २० मिलिमीटर रुतला तर माती लिक्विड लिमिटवर. सिरॅमिक उद्योगात १९२४ पासून फेफरकॉर्न यांची पद्धत आहे. तिच्यात ४० मिलिमीटर उंचीच्या मातीच्या छोट्या खांबावर १,१९२ ग्रॅमची तबकडी १८६ मिलिमीटरवरून पाडतात आणि खांब किती चेपला ते मोजतात.

ही यंत्रं घ्यायला पैसे नव्हते. भाऊ रविवार पेठेत गेला आणि बोहरी आळीतून गवंड्याचा ओळंबा घेऊन आला. खाली टोकदार, ३०० ग्रॅमचा. त्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या. झालं 'माती मीटर' तयार!

हा प्रयोगशाळेतला शंकू नव्हे, त्यामुळे याचे आकडे दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत. पण स्वतःची स्वतःशी तुलना करायला मस्त. छान प्रिंट झालेल्या मातीचा एक डबा झाकून ठेवलेला होता. त्यात ओळंबा १८ मिलिमीटर रुतला. त्या सोमवारच्या मातीत १४.

म्हणजे बिघडलंय हे नक्की. पण का?

काकांनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?"

एप्रिल. नळाला पाणी दिवसाआड. सोसायटीत दोन दिवस बोअरचा टँकर येत होता. जड पाण्यातल्या क्षारांमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून बसतात. तेवढंच पाणी घातलं तरी माती घट्ट लागते. उलट सोडियम सिलिकेटचे काही थेंब पडले की कण एकमेकांपासून सुटतात आणि तीच माती पाण्याचा थेंबही न वाढवता पातळ होते. पाण्याची टक्केवारी आणि मातीचा मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला टँकरने शिकवलं.

पण काकांचंही सगळंच बरोबर होतं असं नाही हं. एकदा त्यांनी आपल्या मनाने माती 'चांगली' करून ठेवली. ओळंबा १२ वर थांबला आणि प्रिंटरने नकार दिला. ती चाकासाठी चांगली होती. काकांच्या अंगठ्यात साठ वर्षांचं चाक बसलंय, आमचं यंत्र नाही!

"मग माझं काय काम?"

मे महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ते आले नाहीत. मैत्रीण घाबरली होती, पण वहीत रोजचा आकडा लिहीत गेली. १७ ते १९ मध्ये ओळंबा रुतला तरच प्रिंट, नाहीतर पाणी किंवा पावडर. ऑर्डरच्या तारखेला चाळीसपैकी चौतीस लॅम्पशेड्स गेले. चार वाळताना तडकले, दोन भट्टीत. कॅफेवाल्यांनी उरलेल्यांसाठी दहा दिवस दिले. पैसे वेळेवर आले. त्या महिन्याचं भाडं गेलं.

काका परत आले ते काळा गॉगल लावून, एकदम हीरो! त्यांनी वही बघितली, ओळंबा हातात घेऊन तोलला. मग टेबलावर ठेवत म्हणाले, "बरं झालं. मग आता माझं काय काम, ताई?"

कोणी काही बोललं नाही. त्यांचा मोठा मुलगा कंपनीत आहे, धाकटा टेम्पो चालवतो. अंगठ्यातलं हे ज्ञान घ्यायला घरात कोणी नाही. आणि इथे बोहरी आळीतल्या एका ओळंब्याने तीन आठवडे काम भागवलं होतं.

सवयीने काकांनी सकाळीच कालवलेल्या मातीत अंगठा दाबला. "ही आज लावू नका. मुरली नाही."

"काका, १८ आहे. बरोब्बर."

"अठरा असेल. मुरली नाही."

मैत्रिणीने तरी एक लॅम्पशेड लावला. चौऱ्याहत्तराव्या थरावर, जिथे भिंत बाहेर झुकते, तिथे वळीच्या कडेला बारीक बारीक चिरा पडल्या. उरलेली माती तिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तीन दिवसांनी ओळंबा पुन्हा १८ च्या जवळच रुतला आणि त्याच मातीची वळी वळणावर एकही चीर न पडता बसली. ताज्या कालवलेल्या मातीत पाणी सगळ्या कणांपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर ती मऊ असते, पण लवत नाही. लोणच्यासारखी तीही मुरावी लागते. आमचा ओळंबा मऊपणा मोजतो. मुरणं मोजत नाही.

त्या संध्याकाळी मैत्रिणीने वहीत उभी रेघ मारून एक नवा रकाना केला. डावीकडे पाणी, ओळंबा, तारीख. उजवीकडे 'काका'. आता काकांना किलोवर नाही, महिन्यावर पैसे मिळतात. माती मळायला एक मुलगा ठेवलाय. काका येतात, अंगठा दाबतात, बोलतात आणि ती लिहून घेते. त्या रकान्यात आत्तापर्यंत आहे : 'मुरली नाही.' 'रवाळ लागते.' 'अंग धरत नाही.' 'पाणी बदललंय.' 'चांगली.'

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा तो मुलगा वही उघडून बसला होता. त्याने ओळंबा सोडला, आकडा लिहिला. मग स्वतःचा अंगठा मातीत दाबला आणि थोडा वेळ विचार करून काकांकडे बघितलं.

"बोल ना," काका म्हणाले. "तुला काय वाटतं?"

घरच्या घरी माती मीटर

शाडूचा गणपती करायच्या वर्कशॉपला जाणार आहात? एअर-ड्राय क्ले आणून ठेवलीय? मग हे करून बघा!

• वळी टेस्ट : काचेवर मातीची वळी लाटा. ३ मिलिमीटरच्या आधीच तुटत असेल तर पाणी कमी. सहज आणखी बारीक होत असेल तर घडवायला पुरेसं पाणी आहे. हाताला आणि काचेला चिकटत असेल तर जास्त.

• पाण्याचा आकडा : ओल्या मातीचा छोटा गोळा वजन करा. साधारण ११० अंशांवर, वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. जेवढं वजन कमी झालं त्याला कोरड्या वजनाने भागा, गुणिले १००. केकचा ट्रे यासाठी वापरू नका!

• ओळंबा टेस्ट : डबा मातीने गच्च भरा, आत हवा राहू देऊ नका, वरून सपाट करा. टोक पृष्ठभागाला टेकवून सोडा, पाच सेकंदांनी खूण वाचा. तीन वेगळ्या जागी घ्या आणि सरासरी काढा.

• वेळ पाळा : ठेवून दिलेली माती घट्ट लागते, पुन्हा मळली की सैल होते. म्हणून दर वेळी मळल्यानंतर तेवढ्याच मिनिटांनी मोजा.

• आणि एक रकाना रिकामा ठेवा : आकड्याच्या शेजारी, हाताला काय वाटलं ते लिहायला.